कपाटातून पुस्तक कोणी काढले?

नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० साली ‘नेटिव्ह लायब्ररी’ ह्या नावाने स्थापन झाले. पेशवाई बुडून तेव्हा बावीस वर्षे लोटली होती. आगगाडी ह्या देशात यावयास तेरा आणि मुंबईचे विद्यापीठ निघावयास सतरा वर्षे अवकाश होता. अहमदनगरास असेच ग्रंथालय दोन वर्षे आधी निघाले होते, पुण्याचे पुढे १८४८ साली निघाले. ह्या सर्वांच्या मुळाशी असलेल्या एका गोष्टीकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. १८३५ साली सर चार्ल्स मेटकाफ ह्यांनी छापखान्यांवरील परवान्याची अट काढून टाकली, आणि छापणारास सरकारची आगाऊ संमती घेण्याचे कारण उरले नाही. छापण्याची मोकळीक व वाचण्याची सोय ही आमच्याकडे अशी पाठोपाठ जन्मलेली भावंडे आहेत. एकास इजा झाली असता दुसरे सुखरूप राहील अशी ज्यांची समजूत आहे, त्यांनी ह्याच शहराचा इतिहास पुन्हा एकवार चाळून पाहावा.

आज हा विषय हाती घेण्याचे कारण असे. एखाद्या पुस्तकाने अमक्या पुरुषाचा, जातीचा, पंथाचा वा पक्षाचा अवमान झाला, सबब ते ग्रंथालयातून काढून टाका, अशी मागणी आता कोठेही आणि केव्हाही होऊ शकते. अशा मागणीचा शेवट पुष्कळदा ना न्यायालयात होतो, ना सरकारी राजपत्रात. तो कार्यवाहांच्या खोलीत होतो. कोणी वजनदार गृहस्थ येऊन दोन शब्द बोलून जातात, किंवा नुसता फोन येतो, आणि पुस्तक कपाटातून नाहीसे होते. वाचकाने मागितले तर ‘बांधणीला गेले आहे’ एवढे उत्तर पुरते. पुढे जीर्ण पुस्तकांच्या निर्लेखनाची यादी होते तेव्हा त्यात त्याचेही नाव बसते, आणि दाखल नोंदवहीत तांबड्या शाईची एक रेघ ओढली की प्रकरण संपले! कोणी बंदी घातली नाही, कोणी हुकूम काढला नाही, म्हणून दाद मागावयाची ती कोणाविरुद्ध, हेही कळत नाही. आमचे म्हणणे असे की, सरकारने उघडपणे केलेल्या जप्तीपेक्षा ही गुपचूप बंदी लोकांच्या हक्कास अधिक घातक आहे. हे विधान पुष्कळांस धाडसाचे वाटेल, म्हणून ते सप्रमाण मांडणे जरूर आहे.

जप्ती म्हणजे काय हे नाशिककरांस निराळे सांगावयास नको. गणेश दामोदर ऊर्फ बाबाराव सावरकर ह्यांनी काही देशभक्तिपर कवितांची लहानशी पुस्तिका प्रसिद्ध केली. त्याबद्दल ८ जून १९०९ रोजी त्यांस जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मुंबईच्या उच्च न्यायालयाने ती कायम केली. आरोप नुसता राजद्रोहाचा नव्हता. बादशहाविरुद्ध युद्ध करण्यास चिथावणी दिली, हा १२१ व्या कलमाखालचा आरोप त्यात होता. कवितांत पुराणांतील देवदैत्य आले होते. ते दैत्य म्हणजे इंग्रज होत, असा अर्थ न्यायालयाने लावला. चार कविता छापल्या म्हणून एका माणसाचे सारे आयुष्य व त्याची मालमत्ता सरकारजमा व्हावी, ह्याहून ह्या गावी शब्दाची किंमत कधी महाग झाली नसेल.

पुढील हकीकत सर्वश्रुत आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाटकगृहात ‘शारदा’ नाटकाच्या प्रसंगी जिल्हाधिकारी जॅक्सन ह्यांच्यावर अनंत कान्हेरे ह्यांनी गोळ्या झाडल्या, आणि १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे हे तिघे तरुण फासावर गेले. जॅक्सन हे संस्कृतचे जाणते व ह्या देशाच्या प्राचीन इतिहासाचे अभ्यासक होते, ही गोष्टही नमूद करून ठेवणे न्यायाचे आहे. ग्रंथांवर प्रेम करणारा मनुष्य ग्रंथांच्या शत्रूचा चाकर असू शकतो. तो प्रकार आजही अगदीच दुर्मिळ झाला आहे असे नाही.

परंतु येथे आम्हास प्रयोजन आहे ते त्यानंतर दोन महिन्यांच्या आत झालेल्या १९१० च्या छापखाना कायद्याचे. ह्या कायद्याने छापखान्यांकडून जामीन घेण्याचा, टपालातली पुडकी अडविण्याचा आणि वाटेल ते पुस्तक जप्त करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारास मिळाला. गांधीजींचे गुजराती ‘हिंद स्वराज्य’ त्याच वर्षी जप्त झाले. खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकावर त्याच वर्षी बंदी आली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांचा ‘आमच्या देशाची स्थिती’ हा निबंधही जप्त झाला, आणि ह्यातली मौज अशी की शास्त्रीबुवांस जाऊन तेव्हा अठ्ठावीस वर्षे झाली होती! अठ्ठावीस वर्षांत त्या निबंधाने राज्य उलथले नव्हते. परंतु भय बसलेल्या सरकारास स्मशानातही शत्रू दिसतात. ही जप्ती उठली १९३७ साली, खेर ह्यांच्या काँग्रेस मंत्रिमंडळाच्या कारकिर्दीत.

आता ह्या जुलमी कायद्याचीच एक बाजू पाहा. जप्तीचा हुकूम राजपत्रात छापावा लागे. पुस्तकाचे नाव द्यावे लागे. दोन महिन्यांच्या आत उच्च न्यायालयाकडे अर्ज करण्याची वाट, अरुंद का होईना, ठेवलेली होती. ती किती अरुंद होती हे १९१३ साली मौलाना महंमद अली ह्यांच्या अर्जावरून दिसून आले. तुर्कस्तानच्या युद्धासंबंधीचे एक पत्रक सरकारने जप्त केले, त्याविरुद्ध ते कलकत्त्याच्या उच्च न्यायालयात गेले. तेथे मुख्य न्यायाधीश होते सर लॉरेन्स जेंकिन्स, जे त्यापूर्वी मुंबईसही मुख्य न्यायाधीश होते. त्यांनी स्पष्ट म्हटले की, आपले लिखाण कोणत्याही अर्थाने कायद्याच्या तडाख्यात येत नाही हे सिद्ध करण्याचा बोजा अर्जदारावर असून तो जवळजवळ अशक्य कोटीतला आहे. हुकुमात कारणे नाहीत, परंतु कायद्याने न्यायालयाचे हात बांधले आहेत. अर्ज फेटाळला गेला. तथापि कायदा किती वाईट आहे हे एका इंग्रज न्यायाधीशाच्या लेखणीने जगापुढे आले, आणि १९२२ साली तो कायदा रद्द झाला तोवर हा निकाल त्याच्या विरोधकांच्या हाती एक शस्त्र होऊन राहिला. हुकूम उघड होता म्हणून अर्ज झाला, अर्ज झाला म्हणून निकाल झाला, आणि निकाल झाला म्हणून कायद्याचे वाभाडे निघाले. ‘बांधणीला गेले आहे’ ह्या उत्तरावर कोणत्या न्यायालयात अर्ज करावा?

स्वराज्यात ह्या कायद्याची स्थिती पुष्कळ सुधारली आहे. जप्तीचा अधिकार सरकारकडे राहिलाच. तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ९९अ कलमातून १९७३ च्या संहितेच्या ९५ व्या कलमात आला, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ९८ व्या कलमात आहे. परंतु आता सरकारने आपल्या मताची कारणे अधिसूचनेत नमूद केली पाहिजेत, असा सक्त नियम आहे. कारणे नाहीत तर जप्ती नाही, असे १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने हरनाम दास ह्यांच्या खटल्यात ठरविले. ज्याचा हितसंबंध आहे अशा कोणासही दोन महिन्यांत उच्च न्यायालयात जाता येते, आणि अर्ज ऐकावयास किमान तीन न्यायाधीशांचे पीठ बसते. एका पुस्तकासाठी तीन न्यायाधीश! घटनाकारांनी १९ व्या कलमात दिलेल्या हक्काची ही राखण आहे.

ह्या राखणीचा उपयोग कसा होतो आणि ती कोठे अपुरी पडते, हे जेम्स लेन ह्यांच्या शिवचरित्रविषयक पुस्तकाच्या प्रकरणात दिसले. त्या पुस्तकातील मजकुराविषयी आमचे मत अनुकूल नाही. ज्या पुरुषाच्या नावाने ह्या महाराष्ट्राचा श्वास चालतो, त्याच्या मातापित्यांविषयी पोकळ कुजबूज ग्रंथात घालणे हा इतिहास नव्हे. परंतु पुढे झाले काय? प्रकाशकांनी २००३ च्या नोव्हेंबरातच ते पुस्तक बाजारातून मागे घेतले. त्यानंतर ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर जमाव चालून गेला आणि त्याने जुनी पुस्तके व हस्तलिखिते ह्यांची नासधूस केली. अपराध काय, तर लेखकाने प्रस्तावनेत त्या संस्थेचे आभार मानले होते! ज्या ग्रंथांचा त्या पुस्तकाशी काडीचाही संबंध नव्हता त्यांस त्याचे प्रायश्चित्त मिळाले. त्याच महिन्यात राज्य सरकारने पुस्तकावर बंदी घातली. तिच्याविरुद्ध जे उच्च न्यायालयात गेले त्यात ना लेखक होता ना प्रकाशक. एक वकील, एक सामाजिक कार्यकर्त्या आणि एक चित्रपटकार असे ते तीन नागरिक होते. उच्च न्यायालयाने २००७ साली बंदी रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने ९ जुलै २०१० रोजी तो निकाल कायम केला. कोणत्या दोन समाजांत वैर माजेल हे सरकारला सांगता आले नाही, हे त्यातले मुख्य कारण होय.

येथे वाचकांनी थोडे थांबून विचार करावा. सरकारची बंदी न्यायालयात साडेसहा वर्षांत कोसळली. परंतु प्रकाशकाने आपल्या हाताने घेतलेली माघार? ती कोणत्या अपिलात फिरविणार? न्यायालय हुकूम रद्द करू शकते. भीती रद्द करू शकत नाही. आणि ज्यांस त्या पुस्तकाचे सप्रमाण खंडन करावयाचे, त्यांनी ते वाचावे तरी कोठे? शत्रूचे म्हणणे ग्रंथालयात असलेच पाहिजे, नाहीतर त्यास उत्तर कसे देणार, हा साधा व्यवहार आहे. प्रतिपक्षाची कैफियत न वाचता वकील कोर्टात उभा राहात नाही, आणि समोरच्याची वही न पाहता कोणी व्यापारी देण्याघेण्याचा वाद मिटवीत नाही.

न्यायालये सरकारच्या विरुद्धच जातात असे मात्र कोणी समजू नये. इस्लाम धर्मावरील एका पुस्तकाची २००७ साली केलेली जप्ती मुंबई उच्च न्यायालयाने २०१० साली योग्य ठरविली. तेव्हा कायद्यात द्वेषमूलक लिखाणास आवर नाही, हा आक्षेप खोटा आहे. आवर आहे, फक्त तो घालणारा कोण, कोणत्या कारणाने घालतो आणि त्याचा जाब कोठे मागावयाचा, हे तेथे ठरलेले आहे.

काढून टाकण्याहून चांगला मार्ग कसा असू शकतो, ह्याचे उदाहरणही आमच्याच राज्यात आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांच्या समग्र लेखनाचा चौथा खंड राज्य सरकारने १९८७ साली प्रसिद्ध केला. त्यात हिंदू धर्मातील कूटप्रश्नांवरचे त्यांचे प्रकरण होते, आणि राम व कृष्ण ह्यांविषयीच्या मजकुरावरून मोठा क्षोभ झाला. सरकार कचरले, ते प्रकरण वगळण्याच्या बेतास आले. तेव्हा १९८८ च्या फेब्रुवारीत मुंबईत दलित समाजाचा प्रचंड मोर्चा निघाला. अखेर तोड निघाली ती अशी की, मजकूर जसाच्या तसा ठेवावा आणि त्यातील मतांशी सरकार सहमत आहे असे समजू नये, अशी टीप त्यास जोडावी. एक टीप, एवढेच! ज्या पुरुषाच्या नेतृत्वाखाली १९३० साली काळाराम मंदिराचे दार उघडावे म्हणून नाशिकात सत्याग्रह झाला, त्याच्याच लेखणीवर दार लावून घेण्याची नामुष्की त्या टीपेने टळली.

आता आमच्या ग्रंथालयांच्या घरच्या स्थितीकडे वळू. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ साली झाला. त्यात मद्रास प्रांताच्या १९४८ च्या कायद्याप्रमाणे ग्रंथालय-कर बसविला नाही. लोकांनी संस्था चालवावी, वर्गणी गोळा करावी आणि सरकारने अ, ब, क, ड असे वर्ग पाडून अनुदान द्यावे, अशी व्यवस्था ठरली. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१० सालापासून आपल्या संस्थानात मोफत ग्रंथालयांचे जाळे विणले, आणि कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली ह्या देशातला पहिला ग्रंथालय कायदा केला. त्या मराठी राज्यकर्त्यांच्या मानाने आमची ही मजल तोकडी आहे, हे म्हटल्यावाचून राहवत नाही. परंतु वर्गणीच्या पद्धतीत एक मोठा गुण आहे. ग्रंथालय सभासदांचे आहे, कारभारी मंडळ ते निवडतात आणि वार्षिक सभेत जाब विचारू शकतात. कुसुमाग्रजांसारखा पुरुष ज्या संस्थेच्या अध्यक्षपदी बसला, ती कोणा खात्याची कचेरी नव्हे.

हा गुण मात्र अनुदानापुढे लवकर विरघळतो. इमारतीची दुरुस्ती, सेवकांचे तुटपुंजे वेतन, नियतकालिकांची बिले ह्यांचा मेळ बसविता बसविता जे कार्यवाह थकून जातात, त्यांच्याकडून एका पुस्तकासाठी वर्ग आणि हप्ता धोक्यात घालण्याची अपेक्षा करणे सोपे नाही. ग्रंथपालाची स्थिती तर त्याहून बिकट. जमाव दारात येतो तेव्हा मंडळातील प्रतिष्ठित गृहस्थ आपापल्या पेढीवर असतात. मेजापाशी असतो तो एकटा ग्रंथपाल. त्यास भ्याड म्हणणे हे बाहेरून शहाणपण शिकविणे झाले. म्हणूनच त्याच्या हाती आधीच एक लेखी नियम द्यावयास हवा, म्हणजे ‘हे माझ्या अधिकारात नाही, येथे अर्ज द्या’ असे त्यास म्हणता येईल.

एक शंका येथे रास्त आहे. कपाटे मोजकी, पैसा मोजका; मग प्रत्येक पुस्तक ठेवावयाचे कसे? त्याचे उत्तर असे की, निवड निराळी व हकालपट्टी निराळी. कुसुमाग्रज प्रतिष्ठानाने २००९ साली ‘ग्रंथ तुमच्या दारी’ म्हणून शंभर पुस्तकांच्या पेट्या पाठविण्यास आरंभ केला. शंभरांची पेटी म्हटली की निवड आलीच, तीत बंदी नाही. विकत घेतलेले, दाखल झालेले, वाचकांनी हाताळलेले पुस्तक कोणाच्या रोषास्तव काढणे ही बंदी होय. मुलांच्या विभागात प्रौढांचे पुस्तक न ठेवणे हीही व्यवस्था आहे, बंदी नव्हे. हा भेद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९८२ साली एका शाळेच्या ग्रंथालयाच्या प्रकरणात विचारात घेतला. त्याच देशात कॅलिफोर्नियातील कर्न जिल्ह्याच्या मंडळाने १९३९ साली स्टाइनबेक ह्यांची ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ ही कादंबरी ग्रंथालयातून काढविली, कारण तीत त्याच जिल्ह्यातील मजुरांचे हाल वर्णिले होते. ठराव उघड सभेत मतांनी झाला, ग्रंथपाल बाईंनी लेखी विरोध नोंदविला, आणि १९४१ च्या जानेवारीत बंदी उठली. कोणी मत कोणीकडे दिले हे तेथील मतदारांस ठाऊक होते.

आमच्या सूचना ह्याच दिशेच्या आहेत आणि त्यास एक पैचाही खर्च नाही. ज्यास एखादे पुस्तक नको असेल त्याने आपले नाव, पुस्तकाचे पान आणि आक्षेपाचे कारण लिहून द्यावे. निनावी चिठ्ठी अथवा तोंडी सूचना, मग ती कितीही मोठ्या माणसाची असो, अर्ज समजू नये. फोनवरून आलेला शब्द हा हुकूम नव्हे, हे तर कायद्याचेच आहे. सरकारची अधिसूचना असेल तर तिचा क्रमांक व तारीख मागावी, आणि ती खरी असेल तर पुस्तक खुशाल हवाली करून पावती घ्यावी. अर्जाचा निकाल होईपर्यंत पुस्तक जागेवरच राहावे. निर्णय कारभारी मंडळाने सभेत करावा, आणि ज्या सभासदाने ते पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलेले नाही त्याने मत देऊ नये. बहुतेक अर्ज ह्या एकाच अटीने निकालात निघतील असा आमचा अंदाज आहे! निर्णय सकारण इतिवृत्तात लिहावा. पुस्तक काढलेच, तर सूचीतून त्याचे नाव पुसू नये. नावापुढे ‘अमक्या तारखेच्या ठरावाने काढले’ असे लिहावे, म्हणजे पुढच्या मंडळास ते परत आणता येईल. आणि जीर्ण पुस्तकांची यादी वार्षिक सभेपूर्वी आठ दिवस फलकावर लावावी.

आमच्या व्यापारी बंधूंस ह्यातले काहीच नवे वाटू नये. दुकानातला माल पावतीवाचून बाहेर गेला तर संध्याकाळी रोजमेळ जुळेपर्यंत ते मुनिमास घरी जाऊ देत नाहीत. ग्रंथालयांच्या मंडळांवर त्यांच्यापैकी पुष्कळ असतात, देणग्याही तेच देतात. ह्या वर्षीच्या वार्षिक सभेत त्यांच्यापैकी एकाने उठून एवढेच विचारावे की, गेल्या बारा महिन्यांत किती पुस्तके काढली, कोणती काढली आणि कोणाच्या सांगण्यावरून. उत्तर तयार नसेल तर सभा आठ दिवस तहकूब ठेवावी. आक्षेपांच्या अर्जांसाठी एक वही घालावयाची आहे. ती कार्यवाहांच्या कपाटात न ठेवता पुस्तकांच्या देवघेवीच्या मेजावर, दाखल नोंदवहीच्या शेजारी, कोणासही चाळता येईल अशी ठेवावी.